नानांच्या किडनीसाठी आधी त्यांच्या पोटाकडे बघ

पत्र :
मावशी, नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. माझे सासरे, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, वय ६८, शुगर जुनी, बीपी आहे आणि आता किडनीचं निघालंय. शेवटच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनी गाळते तो रक्तातला कचरा) २.१, ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३३, पोटॅशियम ४.६. वजन ६२ किलो. किडनीचं कळल्यापासून भाज्या-फळं आम्ही जवळजवळ बंदच केली, कुणी म्हणालं डाळ नको, कुणी म्हणालं गव्हाची पोळी नको, म्हणून नाना साबुदाणा, मैद्याचे टोस्ट आणि पांढरा भात ह्यावर आहेत. पोट चार-चार दिवस साफ होत नाही, मग रात्री बाजारातलं चूर्ण घेतात. गुडघ्यांसाठी मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणतात. आता माझ्या दिरानं मोबाइलवर बघितलं की किडनीच्या रोगात आतडं लीक होतं आणि विष रक्तात जातं, त्यावर त्यानं तीन हजार आठशेची एक पावडर मागवलीय, ग्लुटामिन आणि प्रोबायोटिकवाली. हे लीक होणं खरं आहे का? पावडर देऊ का? आणि नाना सेव-पोह्यांशिवाय राहत नाहीत, त्याचं काय करू?
– सुदामानगरची एक सून

उत्तर :
अगं, आधी एक काम कर, त्या पावडरच्या डब्याचं सील फोडू नकोस, परत जात असेल तर परत पाठव. का ते पुढे सांगते. पण दिराला रागवू नकोस, त्यानं जे वाचलं ती थाप नाहीये, किडनीच्या जुन्या आजारात आतड्याची भिंत खरंच कमजोर होते, ह्यावर डॉक्टर लोक गेली दहा-पंधरा वर्षं चांगलं काम करतायत. गडबड फक्त एवढीच की त्यावरचा उपाय त्या डब्यात नाहीये, आणि तुमच्या घरात जे खाणं चालू आहे त्यानं ती भिंत अजून कमजोर होतीय. हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस, तुम्ही जे केलं ते काळजीपोटीच केलं आणि सगळेच असंच करतात. मी डायलिसिस युनिटमध्ये आहार सांगायचं काम बरीच वर्षं केलं, तिथे दर आठवड्याला असं एखादं घर यायचंच, ज्यांनी किडनीच्या भीतीनं ताटातलं सगळं हिरवं काढून टाकलेलं असायचं.

आता आत काय होतं ते नीट सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप पटेल. आतड्याला आतून जे अस्तर असतं ते पेशींच्या एकाच थराचं असतं, एकच थर, आणि त्या पेशी एकमेकींना प्रोटीनच्या बारीक शिवणीनं घट्ट जोडलेल्या असतात. अन्नातलं चांगलं आत घ्यायचं आणि जंतू, त्यांच्या अंगातली विषं बाहेरच ठेवायची, हे काम त्या शिवणीचं. किडनी नीट चालत असते तेव्हा युरिया, म्हणजे प्रोटीन वापरल्यावर उरणारा कचरा, लघवीवाटे निघून जातो. किडनी कमी पडली की रक्तात युरिया साचतो आणि तो रक्तातून झिरपून आतड्यातही येतो, तिथले काही जंतू ह्या युरियाचा अमोनिया करतात. त्या अमोनियानं आतला भाग अल्कलीकडे झुकतो आणि शिवण उसवायला लागते. कॅलिफोर्नियातले किडनीचे डॉक्टर नोसरातोला वझिरी आणि त्यांच्या टीमनं २०१२ च्या सुमारास हे दाखवून दिलं. किडनी खराब असलेल्या उंदरांच्या आतड्यात शिवणीचं प्रोटीन कमी झालेलं होतं, आणि लॅबमध्ये वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर किडनीच्या पेशंटच्या रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेला द्रव, टाकला तर त्यांचीही तीच गत झाली. डायलिसिसच्या आधीच्या प्लाझ्मानं जास्त नुकसान केलं, डायलिसिसनंतरच्यानं कमी. म्हणजे साचलेला कचराच हे करतो हे बऱ्यापैकी स्पष्ट झालं.

एकदा शिवण ढिली झाली की जंतूंचे तुकडे रक्तात जातात आणि अंगात सतत बारीक सूज, डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात ती, चालू राहते, त्याचा भार हृदयावर पण पडतो आणि किडनीवर पण. दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची वाटते मला. मोठ्या आतड्यात दोन प्रकारचे जंतू राहतात असं ढोबळमानानं धर, एक फायबर खाणारे आणि एक प्रोटीन खाणारे. फायबर खाणारे ब्युटिरेट नावाचं एक आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य खाणं तेच आहे, त्यावरच त्या जगतात आणि भिंत दुरुस्त करतात. प्रोटीन खाणारे जे आहेत ते इंडोल आणि पी-क्रेसॉल बनवतात, त्याचं पुढे शरीरात इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट होतं, आणि ही दोन्ही विषं किडनीला आणि रक्तवाहिन्यांना त्रास देतात. ती रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून बसतात म्हणून डायलिसिसमध्येसुद्धा पुरती निघत नाहीत. म्हणजे ती बनूच कमी द्यायची हा रस्ता जास्त बरा, हो ना? आणि नाना काय खातात ते बघ, साबुदाणा, मैदा, पांढरा भात, ज्यात फायबर नावालाच. फायबर खाणारे जंतू उपाशी, आणि त्यात मल चार दिवस आत पडून, म्हणजे दुसऱ्या जंतूंना चार दिवसांची सवड.

म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे, नानांचं पोट रोज साफ होणं ही ट्रीटमेंटच समज. बद्धकोष्ठता म्हणजे म्हातारपणाचं काहीतरी किरकोळ, डॉक्टरांना काय सांगायचं, असं समजून लोक गप्प राहतात. सांगायचं, डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगायचं. किडनी कमी झाली की मोठं आतडं जास्तीचं पोटॅशियम मलावाटे बाहेर टाकायला लागतं, शरीर स्वतःच ही सोय करतं, आणि तुम्ही पोटॅशियमच्या भीतीनं भाज्या बंद करून पोटच बंद केलंत तर ती सोयही गेली.

आता ताटाकडे येते, इथे मी थोडं सविस्तर सांगणार आहे कारण सगळी चावी इथेच आहे. नानांचं पोटॅशियम ४.६ आहे, ते नॉर्मलमध्ये आहे, साधारण ३.५ ते ५ पर्यंत ठीक मानतात. किडनीच्या प्रत्येक पेशंटला पोटॅशियम बंद असा नियमच नाही, रक्तात वाढलं तर कमी करायचं, न वाढता आधीच सगळं बंद करायचं नाही, आताच्या गाइडलाइनही हेच सांगतात. तेव्हा डॉक्टरांना विचारून भाज्या परत सुरू कर. लौकी (दुधी), गिलकी (घोसाळं), दोडका, पडवळ, कोबी, शिमला मिरची, वांगं, ह्या रोजच्या झाल्या. बटाटा, रताळं, अरबी, पालक असं काही करायचं असेल तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं आणि मग फोडणी घालायची, बरंचसं पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातं. फळ रोज एक, सफरचंद सालासकट, नाशपाती, किंवा पपईच्या चार-सहा फोडी, शुगर आहे म्हणून एकच. केळं, चिकू, शहाळ्याचं पाणी, खजूर-मनुका सध्या नकोत. आणि कमरख, ते आंबट पाच धारांचं फळ मिळतं ना मीठ-मिरची लावून, ते अजिबात म्हणजे अजिबात नाही, किडनीच्या पेशंटला त्यानं मेंदूपर्यंत त्रास होतो, उचकी लागते, झटके येतात, माणसं गेलेली आहेत. हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेव, नाहीतर आजोबांना कौतुकानं देतील.

गव्हाची पोळी कुणी बंद केली? पोळी आणि डाळीत फॉस्फरस असतो हे खरं, पण धान्य-डाळीतला फॉस्फरस फायटेट नावाच्या पदार्थात बांधलेला असतो आणि आपल्या शरीराला तो पुरता काढून घेता येत नाही. खरा घातक फॉस्फरस पाकिटातल्या वस्तूंत वरून घातलेला असतो, काळी कोल्ड्रिंक्स, प्रोसेस्ड चीज, तयार पिठं, बेकरीच्या कितीतरी गोष्टी, तो जवळजवळ सगळाच्या सगळा रक्तात जातो. म्हणजे घरची पोळी काढून बेकरीचा टोस्ट देणं हा उलटा सौदा झाला. एका पोळीत साधारण तीन ग्रॅम फायबर असतं. दिवसाला पाच पोळ्या, दोन वाट्या भाजी, एक वाटी वरण, एक फळ, एवढ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास फायबर होतं आणि तेवढं पुष्कळ आहे. कधी पोळीऐवजी ज्वारीची भाकरी कर, चव पण बदलते. पण एक ऐक, उद्याच्या उद्या सगळं ताटात वाढू नकोस, इतके दिवस आतडं साबुदाण्यावर आहे, एकदम फायबर दिलं तर पोट फुगेल, गॅस होतील आणि नाना म्हणतील बघ मी म्हणत नव्हतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढव, आधी एका वेळचा भात काढून पोळी, मग एक भाजी, मग फळ असं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ह्या दिवसांत शुगर मोजत राहा, खाणं बदललं की ती बदलते.

फायबरचा खरंच फायदा होतो का, की मी नुसती आजीबाईंसारखी भाजी खा म्हणतेय? अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्य सर्व्हेची आकडेवारी २०१२ मध्ये छापली गेली, त्यात किडनीचा आजार असलेल्यांमध्ये जे जास्त फायबर खात होते त्यांच्या अंगातली सूज कमी होती आणि मृत्यूही कमी होते. हा नुसता सर्व्हे होता, फायबरमुळेच तसं झालं हे त्यानं सिद्ध होत नाही, हे पण सांगते. मग २०१४ मध्ये डायलिसिसच्या पेशंटना सहा आठवडे एक न पचणारा स्टार्च देऊन बघितलं तर इंडॉक्सिल सल्फेट खरोखर उतरलं. लहान ट्रायल होती, पण दिशा तीच. असा न पचणारा स्टार्च आपल्याकडे शिजवून गार केलेल्या भातातही थोडा तयार होतो, तेव्हा रात्रीचा भात लगेच फ्रिजमध्ये ठेवून सकाळी कमी तेलाचा, भरपूर कोबी-मटार घालून फोडणीचा भात केला तर वाईट नाही. लगेच फ्रिजमध्ये हं, इंदूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर राहिलेला भात नानांना द्यायचा नाही.

प्रोटीनचं पण गणित एकदा समजून घे. नाना डायलिसिसवर नाहीत, ह्या स्टेजला दिवसाला किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे ६२ किलोला साधारण पन्नास ग्रॅम. पाच पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर दही, चहा-बिहा धरून कपभर दूध, थोडा भात-पोहे आणि भाज्या, ह्यातच ते पूर्ण होतं. म्हणजे डाळ बंद करायची नाही आणि वरून प्रोटीन पावडरही घालायची नाही, जे जास्तीचं प्रोटीन न पचता खाली जातं ते त्या दुसऱ्या जंतूंच्याच तोंडी पडतं. पण डाळ पूर्ण बंद ठेवलीस तर ह्या वयात दंड-मांड्या गळतात, ते तर फारच वाईट. पुढे कधी डायलिसिस लागलंच तर प्रोटीन वाढवावं लागतं, तेव्हा हा हिशोब परत करायचा.

सेव-पोहे. इंदूरच्या माणसाला पोहे बंद कर म्हणायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही. पोह्यांत पोटॅशियम कमीच असतं, घरी केलेले पोहे, भरपूर कांदा, थोडे मटार, कोथिंबीर, वर लिंबू, नाना आनंदानं खाऊ देत. भांडण सेवेशी आणि जीरावनशी, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याशी, आहे. सेवेत मीठ तर असतंच, शिवाय सोडा किंवा पापडखार असतो, म्हणजे सोडियम दोन्हीकडून, आणि बाजारच्या जीरावनमध्ये काळं मीठ आणि साधं मीठ मुक्त हस्तानं घातलेलं असतं. नानांना दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. जास्त झालं की अंगात पाणी धरतं, बीपी चढतं, पायांवर सूज दिसते आणि तशीच सूज आतड्याच्या भिंतीलाही येते, मग ती अजून गळकी होते. तू असं कर, जीरावन घरी कर, जिरे, धने, बडीशेप, थोडी लवंग-दालचिनी, सुंठ, हिंग, आमचूर, भाजून कुटून, मीठ न घालता. पोह्यांवर तेच घाल आणि कुरकुरीत लागतंच म्हणाले तर भाजलेल्या मुरमुऱ्याची चिमूटभर. सेव आठवड्यातून एखाद्या दिवशी, चमचाभर, रोज मूठभर नाही. लो-सोडियम मीठ म्हणून जे मिळतं ते आणू नकोस, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. घरी केलेला भुट्ट्याचा (मक्याचा) किस पण चालेल, मीठ कमी आणि दूध बेतानं. गराडूचं कंद मात्र पोटॅशियमवालं, तळलेलं आणि वर मसाल्याचं मीठ, थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलातच तर एखाद-दोन तुकडे चाखायला, प्लेट नाही.

आता चूर्ण. बाजारातल्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी, म्हणजे जुलाबाचा पाला, आणि काळं मीठ असतं, कशात काय किती हे पाकिटावर नीट लिहिलेलंही नसतं. सोनामुखीनं रोज मुरडा येऊन पोट साफ करायची सवय लागली की त्यावाचून होत नाही, आणि जुलाब झाले तर पाणी कमी पडून किडनीला झटका बसतो. त्याऐवजी इसबगोलची साधी भुसी, आपल्याच नीमच-मंदसौरच्या मंडीत इसबगोल येतो, चांगला मिळतो. एक चहाचा चमचा मोठ्या ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्यायचा, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब, नाहीतर गोळ्या नीट लागत नाहीत. पाणी कमी प्यायला सांगितलं असेल तर इसबगोलही विचारूनच, कारण कमी पाण्यात तो उलट आत अडकून बसतो. सूज नसेल आणि लघवी नीट होत असेल तर ह्या स्टेजला सहसा पाण्यावर बंदी नसते, पण डॉक्टरांकडून नक्की आकडा घे, अंदाजानं कमी पाजू नकोस. तेवढ्यानं नाही जमलं तर डॉक्टर लॅक्ट्युलोज देतील किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतील, दोन्ही किडनीत सहसा चालतात आणि बरीच वर्षं दिली जातात, फक्त लॅक्ट्युलोज गोड असतं म्हणून शुगरवाल्यांबद्दल विचारायचं. दुधासारखं पांढरं मॅग्नेशियमवालं औषध मात्र नको आणि फॉस्फेटचा एनिमा तर घरी कधीच नको, किडनी कमी असताना ते मॅग्नेशियम-फॉस्फेट बाहेर पडत नाही.

गोळ्यांची यादी पण तपासून घे. नानांना लोहाची गोळी, कॅल्शियम किंवा फॉस्फरस बांधणारी गोळी चालू असेल तर त्यानंही मल घट्ट होतो, गोळी किंवा वेळ बदलता येते का विचार. स्वतः बंद करू नकोस. सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी चालू आहे का, जी एकदा लागली की वर्षानुवर्षं चालते? ती अजून हवी आहे का हे पण विचार, कारण त्या गोळीनं पोटातलं आम्ल कमी होतं आणि जंतूंचं गणित बदलतं, आणि काही लोकांत किडनीलाही त्रास होतो. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टर ही गॅसची गोळी मुद्दाम देतात, तेव्हा निर्णय त्यांचा.

गुडघ्याची गोळी मात्र आजच बंद. हे मी मोठ्या आवाजात सांगतेय असं समज. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, असली कुठलीही असेल, ह्या गोळ्या किडनीत जाणारा रक्तपुरवठा कमी करतात आणि आतड्याच्या अस्तरावर बारीक जखमा करतात, म्हणजे ज्या दोन गोष्टी आपण वाचवायला बसलोय त्या दोन्हीवर एकाच वेळी घाव. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांबरोबर तर जास्तच. मेडिकलवाल्या भैयाला सांग की नानांना किडनीचा त्रास आहे, त्यांनी मागितली तरी देऊ नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, शेक, मालिश, फिजिओथेरपी. गुडघे थोडे हलके झाले की संध्याकाळी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत हळूहळू चालत जाऊ देत, चालण्यानं आतडंही हलतं. आणि सकाळी नाश्त्यानंतर वीसेक मिनिटांनी संडासला जायची सवय लावा, लागो न लागो, त्या वेळी आतडं आपणहून हालचाल करतं. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल दे.

आता तो डबा. ग्लुटामिन हे अमिनो ॲसिड आहे, प्रोटीनचाच एक घटक, म्हणजे त्यात नायट्रोजन आलाच, शरीरात ते वापरलं गेलं की त्यातून अमोनिया आणि युरियाच बनतो, आणि नानांच्या शरीरातून तोच बाहेर काढणं अवघड झालंय. किडनीच्या पेशंटना त्यानं आतडं सुधारतं असा पक्का पुरावा नाही. प्रोबायोटिकचं चित्र जरा वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये छापलेल्या एका ट्रायलमध्ये चांगले जंतू आणि त्यांचं खाणं दोन्ही मिळून दिलं तेव्हा पी-क्रेसिल सल्फेट कमी झालं, पण इंडॉक्सिल सल्फेटमध्ये ठोस फरक दिसला नाही, आणि पेशंट थोडेच होते. त्यानं किडनी वाचते असं अजून कुणी दाखवलेलं नाही. शिवाय बाजारातल्या काही मिश्रणांत युरिया फोडणारेच जंतू असतात. कोळशाच्या गोळ्यांबद्दल पण कुणी सांगेल तुला, म्हणून आधीच सांगते, जपानमध्ये १९९१ पासून खास बनवलेला कोळसा किडनीसाठी देतात, तो आतड्यातलं इंडोल शोषून घेतो, विचार चांगलाच होता, पण पुढे दोन हजारांवर पेशंट घेऊन मोठ्या ट्रायल झाल्या, २०१५ मध्ये निकाल आला आणि किडनी टिकवण्यात फरक पडला नाही. विष कमी करायचं ते आधी ताटातूनच, असं मला त्यावरून वाटतं. आणि आतडं लीक होतंय का हे सांगणाऱ्या टेस्ट घरी मागवता येतात, त्यावर पैसे घालू नका, त्यांच्या आकड्यावर उपचार ठरवावा इतक्या त्या भरवशाच्या नाहीत. त्या तीन हजार आठशेत महिनोन्‌महिने भाजी येईल.

दह्याचं म्हणशील तर घरचं ताजं दही वाटीभर, किंवा त्याचंच पातळ ताक, मीठ न घालता, जिरेपूड टाकून, जरूर दे. औषध म्हणून नाही, जेवण म्हणून. काढे, भस्मं, हळदीच्या मोठ्या कॅप्सूल, हिरव्या पानांचे ग्लासभर ज्यूस, ह्या सगळ्यांना हात जोड, हळद आणि पालकात ऑक्झलेट असतं, रोज मोठ्या डोसमध्ये ते किडनीत जाऊन साचतं. भाजीतली हळद घाल बिनधास्त.

पुढच्या भेटीला डॉक्टरांना दोन गोष्टी विचार. एक, रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार, किती आहे, ते कमी असेल तर त्यावर सोपी गोळी असते, आणि भाज्या-फळांनीही ते सुधारतं. दोन, भाज्या सुरू केल्यावर पोटॅशियम परत केव्हा तपासायचं, मला विचारशील तर दोन-तीन आठवड्यांत. ५ च्या वर गेलं तर घाबरून सगळं बंद करू नकोस, आधी पोट साफ आहे का ते बघ, कुठली गोळी बदलली का ते बघ, मग डॉक्टरांशी बोलून दोन-तीन वस्तू कमी कर.

आणि पावसाळ्यात पाणी उकळून दे, बाहेरची चटणी, पाणीपुरी नको. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर आणि विचार की बीपीची, लघवीची, शुगरची कुठली गोळी दोन दिवस थांबवायची, अशा वेळी काही गोळ्या चालू राहिल्या तर किडनी एकदम खाली बसते. संडासातून रक्त गेलं, शी डांबरासारखी काळी झाली, लोहाच्या गोळीनंही काळी होते पण तरी दाखव, किंवा पोट फुगून उलट्या होतायत आणि गॅसही सरकत नाहीये, तर इसबगोल-बिसबगोल काही देत बसू नकोस, सरळ इमर्जन्सीत घेऊन जा.

– तुझी मावशी